तंबोऱ्याची बांधाबांध

चंद्रकलाच्या निळ्या एअरमेल पत्रात दोन मागण्या होत्या. पहिली, आईला पाठवा. दुसरी, तंबोरा पाठवा. जागेश्वरांनी पत्र दोनदा वाचलं, चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला, तिसऱ्यांदा वाचलं आणि दुसरी मागणी मंजूर केली.

चंद्रकला त्यांची एकुलती एक. वर्षापूर्वी काटोलच्या चंपतरावांच्या वसंताशी तिचं लग्न झालं आणि वसंत तिला घेऊन विलायतेत ब्रॅडफर्डला गेला. तिथल्या लोकरीच्या गिरणीत तो इंजिनिअर होता. आता तिला दिवस गेले होते, फाल्गुनात ती बाळंत होणार होती, आणि डॉक्टरांनी तिला जिना चढू-उतरू नको म्हणून सांगितलं होतं. खिडकीतून फक्त गिरण्यांची धुराडी दिसतात, असं तिनं लिहिलं होतं. घर इतकं शांत की मोरीतल्या नळाचा थेंब ऐकू येतो. तंबोरा असता तर निदान सूर लावून बसता आलं असतं, आणि बाळाच्या कानावर गिरणीच्या भोंग्याआधी काहीतरी चांगलं पडलं असतं. वसंत रोज संध्याकाळी तंबोऱ्याच्या जागी स्वतः 'आ' लावून बसायचा म्हणे. पण तो पडला संत्र्याच्या बागेत वाढलेला माणूस. त्याचा षड्ज दर मिनिटाला नवा असायचा.

आईच्या बाबतीत तर अडचण काहीच नव्हती. जाण्याआधी वसंतानं सासू-सासऱ्यांचे पासपोर्ट करून ठेवले होते. इकडून 'हो' म्हटलं की तो तिकीट धाडणार होता. अडलं होतं ते त्या 'हो'पाशी.

जागेश्वरांजवळ नाही म्हणायला कारणं भरपूर होती. नागपूरच्या तांडापेठेतल्या त्यांच्या घरात चार हातमाग चालायचे. मागांना लागणाऱ्या सुताच्या कांड्या वच्छलाबाई भरायच्या. तिकडे थंडी भयंकर. विमानाचा भरवसा नाही. ही सगळी कारणं त्यांनी जेवताना एकेक करून सांगितली. जे खरं कारण होतं ते तेवढं राहिलं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती आणि या सव्वीस वर्षांत जागेश्वरांनी स्वतःच्या हातानं ताट वाढून घेतलं नव्हतं.

"पुढच्या साली जाजो," ते म्हणाले. "आता तंबोरा पाठवू. पोट्टीचं मन रमलं म्हणजे झालं."

वच्छलाबाई भाकर वाढत होत्या. त्या कधी वाद घालत नसत. एवढंच म्हणाल्या, "अन् तंबोरा बाळंतपण करीन काय?"

जागेश्वरांनी वरणात भाकर कुस्करायला घेतली. ती त्या दिवशी जरा जास्तच बारीक कुस्करली गेली.

तंबोरा मिरजेचा होता. चंद्रकला बारा वर्षांची असताना जागेश्वर स्वतः मिरजेला जाऊन, पाच दुकानं पालथी घालून, भोपळ्याला कान लावून लावून तो निवडून घेऊन आले होते. परतीच्या प्रवासात ते स्वतः डब्याच्या पायरीवर बसले आणि त्याला बाक दिला. त्यामुळे त्याच्या बांधणीचा अधिकार आपलाच, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. जहाज ठरायला तीन आठवडे गेले. मग त्यांनी तारा सैल केल्या. मणके काढून चिंधीत बांधले. भोपळ्याला आधी धुतलेली मलमल गुंडाळली, वर पिंजलेल्या कापसाचे थर दिले आणि त्यावर सुताचे वेढे घातले. दोन दिवस हे चाललं. बाळाला न्हाऊ घालून दुपट्यात घट्ट आवळतात, तसा तंबोरा आवळून तयार झाला.

वच्छलाबाईंनी दारातून पाहिलं. "टोपडं राहिलं," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. दुपारी त्यांनी काटोलला विहिणीला एक कार्ड लिहिलं. वच्छलाबाई चौथीपर्यंत शिकलेल्या. कार्डात तंबोरा विलायतेला धाडणं चालू आहे एवढीच बातमी होती.

चौथ्या दिवशी सकाळी काटोलच्या एसटीच्या टपावरून पंधरा-वीस फळ्या उतरल्या, तनशीचं एक भलंमोठं पोतं उतरलं, आणि खालून व्याही चंपतराव, विहीण गोपिकाबाई आणि पेट्या ठोकणारा शालिकराम उतरले. चंपतराव संत्र्यांचे मोठे बागायतदार आणि व्यापारी. काटोलचं संत्रं कलकत्त्याच्या बाजारात डाग न लागता उतरवणं, हे त्यांचं पंचवीस वर्षांचं काम होतं. भाताच्या वाळल्या पेंढ्यावर, म्हणजे तनशीवर, त्यांचा देवाइतका विश्वास होता.

"व्याहीबुवा, तुम्ही काहून तरास घेतला?" जागेश्वर म्हणाले.

"तरास कायचा? सून आमची, तंबोरा आमच्या सुनेचा. तुम्ही फकत बसा अन् पाहा."

व्याह्याला नाही म्हणता येत नाही. जावयाच्या बापानं घरी येऊन भिंत पाडायला घेतली, तरी मुलीचा बाप आधी चहा विचारतो आणि मग कुदळ आणून देतो. जागेश्वरांनी चहा विचारला आणि कात्री आणून दिली. चंपतरावांनी त्यांच्या डोळ्यांदेखत सुताचे वेढे कापले, कापूस उपसला आणि मलमल सोडली. कापूस चांगला असतो, त्यांनी समजावून सांगितलं, पण तो दबतो आणि घाम धरतो. तनीस कशी, दाबली की उसळते. त्यांनी भोपळ्यावरून हात फिरवला, वर-खाली दाबून पाहिलं आणि समाधानानं म्हणाले, "फळ मोठं हाय, पण सालपट पक्कं हाय."

शालिकरामनं अंगणात दुपारपर्यंत पेटी ठोकली. माणूस झोपेल एवढी लांब, आणि फळ्यांमध्ये दोन-दोन बोटांच्या फटी. फटी कशाला, असं जागेश्वरांनी बिचकत विचारलं, तेव्हा शालिकरामनं त्यांच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. हवा नाही मिळाली तर माल सडतो, हे नागपुरात राहून माहीत नसलेला माणूस त्यानं पहिल्यांदाच पाहिला असावा.

तनशीच्या गादीवर तंबोरा निजला. वरून पुन्हा तनीस. झाकण लागलं. मग शालिकरामनं पेटीच्या दोन्ही बाजूंना पाय रोवले, ती कमरेइतकी उचलली आणि मालकाकडे पाहिलं.

"सोडू?"

ही काटोलची रीत होती. भरलेली पेटी कमरेवरून सोडायची. आतलं फळ ठेचलं नाही तर पेटी पास. चंपतराव म्हणाले, "सोड ना." जागेश्वरांनी हात अर्धा वर केला. व्याह्यांना थांबवायचं कसं, आणि नाही थांबवलं तर मुलीला कळवायचं काय, या दोहोंत ते असे अडकले की नुसते उभे राहिले.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून वच्छलाबाईंचा आवाज आला. "पानं वाढली हायेत. आधी जेवून घ्या, मंग सोडा."

त्यांनी पुरणपोळ्या केल्या होत्या. शालिकरामच्या पानात तुपाची धार तुटली नाही. पाचव्या पोळीनंतर तो भिंतीला टेकला तो दिवे लागायच्या वेळेलाच उठला, आणि पेटी सोडायची राहिली ती राहिलीच.

दुसऱ्या दिवशी काटोलची मंडळी धंतोलीला एका दवाखान्यात पडलेल्या नातेवाईकाला पाहायला गेली. ती चौकाच्या पलीकडे दिसेनाशी झाली आणि जागेश्वरांनी पक्कड काढली. त्यांनी एकेक खिळा हलक्या हातानं उपसला, तंबोरा बाहेर काढला, तनीस पोत्यात भरून मागाखाली सरकवली आणि पुन्हा मलमल, कापूस, सूत असं सगळं केलं. काम चालू असताना तंबोरा आतल्या खोलीतल्या बाजेवर चादर पांघरून ठेवला होता. कोणी अचानक आलंच तर पाहुणा झोपला आहे असं वाटावं. खिळे परत त्याच भोकांत बसवून त्यांनी घाम पुसला.

"व्याहीबुवाले बोलू नको," ते वच्छलाबाईंना म्हणाले. "उगाच त्याइचं मन दुखन."

"मी काहून बोलू?" वच्छलाबाई म्हणाल्या.

संध्याकाळी जागेश्वर लुगडी पोचवायला इतवारीच्या बाजारात गेले. चंपतराव पेटीपाशी बसून पान लावत होते. त्यांनी एकदा नाक फुलवलं, दोनदा फुलवलं. पेटीतून तनशीचा वास येईना. त्यांनी फटीला डोळा लावला तर आत पांढरं दिसलं. त्यांनी पान खाली ठेवलं. मग त्यांनी शालिकरामला हाक मारली. पुन्हा खिळे निघाले, पुन्हा तंबोरा बाजेवर चादरीखाली झोपला, कापूस चंपतरावांच्या वळकटीत गेला आणि तनीस मागाखालून शोधून आणली गेली.

"विहीणबाई," ते जाताजाता अदबीनं म्हणाले, "व्याहीबुवाले हे सांगू नका. चांगला माणूस हाय, मनाले लावून घेईन."

"मी काहून सांगू?" वच्छलाबाई म्हणाल्या.

दोन दिवसांत पेटी सहा वेळा उघडली. दोन्ही व्याही जेवायला शेजारी-शेजारी बसत, एकमेकांना आग्रह करकरून वाढायला लावत, पेटी कशी मजबूत झाली आहे याबद्दल एकमेकांची तारीफ करत आणि आता हा केव्हा बाहेर जातो याची वाट पाहत. खिळ्यांची भोकं एवढी सैल झाली की शालिकरामला पकडीची गरज उरली नाही. तो नखानं खिळा काढू लागला. स्वयंपाकघरात दोघी विहिणी भाजी निवडता निवडता तोंडाला पदर लावून हसत.

"आमचे हे लगन झाल्यापासून असेच," गोपिकाबाई म्हणाल्या.

"आमचे त्याच्या आधीपासून," वच्छलाबाई म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी शेजारचे नानाजी आले. नानाजी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकून होते आणि मुंबईच्या जहाज-एजंटाशी सगळा पत्रव्यवहार त्यांनीच केला होता. आज संध्याकाळच्या गाडीनं पेटी निघाली तरच ती जहाजावर चढणार होती. त्यांनी पेटीभोवती एक फेरी मारली आणि फटीतून डोकावणारी काडी ओढून काढली.

"हे काय? तनीस?"

"भाताची," चंपतराव अभिमानानं म्हणाले.

नानाजींनी डोक्याला हात लावला. समुद्रापार तनीस चालत नाही, तिच्यात कीड जाते म्हणून बंदरावरच पेटी अडवतात, असं त्यांनी सांगितलं. जागेश्वरांच्या चेहऱ्यावर नकळत थोडं तेज आलं. ते म्हणाले, मग कापूस भरू. नानाजी म्हणाले, कच्चा कापूस त्याहून नको. ते तेज आलं तसं गेलं. दोघे व्याही एकमेकांकडे पाहत राहिले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांना एकमेकांबद्दल खरीखुरी माया वाटली.

"मंग चालते काय?" जागेश्वरांनी विचारलं.

"कापड. धुतलेलं, शिवलेलं."

वच्छलाबाईंनी हातातला कुंचा ठेवला. कापडच पाहिजे असेल तर बाळंतविडा तयार आहे, त्या म्हणाल्या. चंद्रकलासाठी आणि बाळासाठी जे जे करायचं ते दोघी विहिणींनी आपापल्या घरी करून ठेवलंच होतं, आणि गोपिकाबाईंनी येताना आपलं सोबत आणलंही होतं. जुन्या मऊ लुगड्यांच्या चार गोधड्या, दुपटी, झबली, टोपडी, कानपट्ट्या, बाळंतिणीच्या पोटाला बांधायचे लांब पट्टे. जायचंच आहे तर ते तंबोऱ्याभोवती जाऊ द्या. दोन्ही कामं होतील. बाळंतविड्यात पुरुषांचं काय काम, म्हणून त्यांनी दोघा व्याह्यांना ठेला ठरवायला पाठवलं आणि शालिकरामला नवे खिळे आणायला.

दोन तासांनी मंडळी परतली तेव्हा पेटी काठोकाठ भरलेली होती. वर हिरव्या काठांची गोधडी चारी बाजूंनी अशी खोचलेली होती की बोट शिरायला जागा नव्हती. चंपतरावांनी तळव्यानं दाबून पाहिलं. गोधडी दबली आणि उसळली. जागेश्वरांनी कापड दोन बोटांत धरून पाहिलं. मऊ होतं, घाम धरणारं नव्हतं. दोघांनी माना डोलावल्या. गोधडी उचलून खाली पाहावं असं दोघांच्याही मनात आलं असेल, पण विहिणींनी खोचलेलं उचकटायचं कसं? शालिकरामनं झाकण ठेवलं, नवे लांब खिळे ठोकले आणि जुन्या सवयीनं पेटी कमरेइतकी उचलली. या खेपेला ती उचलताना तो कण्हला.

"सोडू?"

जागेश्वरांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. वच्छलाबाई पदराला हात पुसत दारात आल्या.

"सोड बाप्पा," त्या म्हणाल्या. "एकदाची सोड. तुह्या जिवाले चैन नाही."

जागेश्वरांनी डोळे मिटले. पेटी धप्पकन खाली आली. अंगणातली धूळ उडाली, कोंबडी पळाली. पण आतून ना तार वाजली ना लाकूड. चंपतरावांची छाती भरून आली. "ऐका," ते म्हणाले. "आवाज तरी आला काय तंबोऱ्याचा?"

सगळ्यांनी ऐकलं. खरंच नव्हता आला.

ठेल्यावरून पेटी स्टेशनवर गेली. नानाजींनी पावती केली, दोघे व्याही गाडी सुटेपर्यंत डब्याच्या दाराशी उभे राहिले आणि परत येताना सीताबर्डीवर दोघांनी रसवंतीत उसाचा रस घेतला. रसाचा ग्लास हातात घेऊन जागेश्वरांनी, तुमची पेटी होती म्हणून निभावलं, असं कबूल केलं. चंपतराव म्हणाले, तुमच्या घरचं कापड होतं म्हणून निभावलं. घरी आल्यावर जागेश्वरांना चार दिवसांचा शीण एकदम जाणवला. ते आतल्या खोलीत गेले आणि बाजेवर अंग टाकलं.

तारा सैल होत्या, त्यामुळे सूर काही उमटला नाही. झोपलेल्या म्हाताऱ्याच्या अंगावर कोणी बसल्यावर तो कण्हेल तसा आवाज आला.

जागेश्वर उभे राहिले. त्यांनी चादर बाजूला केली. तंबोरा शांत निजला होता. भोपळ्याला तडासुद्धा गेला नव्हता. त्यांच्या हाकेनं सगळे आत धावले आणि बाजेभोवती उभे राहिले. 

"व्याहीबुवा," शेवटी जागेश्वर खालच्या मानेनं म्हणाले, "चूक माही हाय. मी तुमच्या माघारी पेटी उघडली होती. तीनदा."

चंपतरावांनी जोरानं मान हलवली. "नाही जी. मीही उघडली. तीनदा. माह्याच हातून राह्यला असन."

दोघांनी एकमेकांचे हात धरले. आपल्याच हातून राहिला हे सिद्ध करायला दोघेही इतक्या जिद्दीनं भांडू लागले की शेवटची पेटी कोणी भरली, हा प्रश्न कोणाला सुचलाच नाही. वच्छलाबाईंनी तो स्वतःहून काढला. तळाशी गोधडी नीट बसावी म्हणून तंबोरा बाजेवर ठेवला होता, त्या म्हणाल्या, मग बाळंतविडा एवढा झाला की पेटी भरूनच गेली, आणि लक्षातून राहून गेलं. गोपिकाबाई म्हणाल्या, हो, टोपडी फार होती. चंपतरावांनी विहीणबाईंना मनाला लावून घेऊ नका म्हणून विनवलं आणि पुन्हा स्वतःला दोष द्यायला लागले.

नानाजींना बोलावलं. गाडी आता वर्धेच्या पुढे गेली असेल, ते म्हणाले. पेटी परत आणता यायची नाही. तंबोऱ्यासाठी दुसरी पेटी केली तर पुढच्या जहाजाला महिना, वर समुद्रातले दिवस. तंबोरा पोचेपर्यंत चैत्र उजाडेल. जागेश्वर खाली बसले. फाल्गुनाच्या आत, असं चंद्रकलानं पत्रात दोनदा लिहिलं होतं आणि दुसऱ्यांदा खाली रेघ मारली होती. विमानानं? नानाजी दुसऱ्या दिवशी सीताबर्डीवरच्या तिकिटांच्या ऑफिसात जाऊन विचारून आले. असली नाजूक वस्तू सुटी पाठवली तर फुटण्याची जबाबदारी कोणी घेत नाही. माणसानं सोबत नेली तर मात्र जपून ठेवायची सोय करतात.

"कोन माणूस?" चंपतरावांनी विचारलं. "व्याहीबुवा, तुमचा पासपोर्ट हाय ना? तुम्हीच जा."

जागेश्वरांच्या डोळ्यांपुढे ब्रॅडफर्ड उभं राहिलं. आपण पोचलो आहोत, मांडीवर तंबोरा आहे. इथपर्यंत ठीक होतं.

"अन् बाळ झालं म्हणजे?" गोपिकाबाईंनी पदर सारखा करत विचारलं. "व्याहीबुवा न्हाऊ घालतीन का बाळाले?"

जागेश्वरांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. तिकडे पोरगी एकटी होती, पहिलटकरीण होती, जिना उतरू शकत नव्हती, हे सगळं ते महिनाभर जाणून होते. पण त्या क्षणी ते त्यांना कोणीतरी नुकतंच सांगितल्यासारखं वाटलं.

"चंद्रीची माय," ते म्हणाले, "तुलेच जा लागन."

वच्छलाबाईंनी मान हलवली. "मी कशी जाऊ? चार माग हायेत. कांड्या कोन भरन?"

"रुखमाबाई भरीन शेजारची."

"थंडी केवढी तिथी."

"तिथी काय माणसं राहत नाहीत?"

"विमानाचं मले भेव वाटते."

"अवं, लेकरं बसते विमानात." जागेश्वर आता तळमळीनं बोलत होते. पोटच्या पोरीपेक्षा माग मोठे आहेत काय, असं त्यांनी विचारलं. पासपोर्ट ट्रंकेत ठेवायला काढला होता काय, असंही विचारलं. वच्छलाबाई पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत ऐकत होत्या.

"अन् तुमचं जेवण?"

 चंपतरावांनी काटोलला येऊन राहायचं आमंत्रण द्यायला तोंड उघडलं, पण गोपिकाबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी ते मिटलं.

"करीन मी," जागेश्वर म्हणाले. "भात शिजवता येते मले."

"कधी शिजवला?"

"नाही शिजवला. शिकन. तू जाच्या आधी दाखवून देजो, पाणी किती टाकाचं ते."

वच्छलाबाईंचे डोळे भरले. ते भात ऐकून भरले की आणखी कशानं, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. "तुम्ही म्हणता तर जातो," त्या म्हणाल्या.

वसंताला ट्रंक कॉल लावला. तीन तासांनी लागला तेव्हा तिकडून फक्त खरखर आली आणि त्या खरखरीत चंद्रकलाचं हसणं की रडणं काहीतरी ऐकू आलं. तिकीट आठव्या दिवशी आलं. मधल्या दिवसांत जागेश्वर चार वेळा भात शिजवायला शिकले. पहिला लागला, दुसरा कच्चा राहिला, तिसऱ्याची पेज झाली आणि चौथा त्यांनी मलमलीच्या फडक्यानं गाळून वच्छलाबाईंना स्वतःच्या हातानं वाढला. त्या सगळा जेवल्या. तंबोरा पुन्हा बांधला गेला: मलमल जागेश्वरांची, वर चंपतरावांनी काटोलहून आणलेल्या वेताच्या पट्ट्यांचा सांगाडा. या खेपेला दोघांनी मिळून, समोरासमोर बसून बांधला आणि कोणी नंतर उघडून पाहिला नाही.

मुंबईपर्यंत सोडायला जागेश्वर जाणार होते. निघायच्या दिवशी दुपारी नागपूर स्टेशनावर सगळे जमले. चंपतरावांनी संत्र्यांची करंडी खिडकीतून आत दिली. गोपिकाबाईंनी पिशवीतून एक स्वेटर काढला आणि विहिणीच्या अंगावर चढवला. गडद जांभळा, पुऱ्या बाह्यांचा, कॉलर मानेपर्यंत, आणि छातीवरून दोन रंगांची नक्षी गेलेली. वच्छलाबाईंना तो नेमका बसला.

जागेश्वरांना कुठलंही कापड दिसलं की ते हातात धरल्याशिवाय राहवत नसे. त्यांनी स्वेटरची कड बोटात धरली, उलटी करून पाहिली. वीण बारीक होती, एकसारखी होती, कुठेही घाई नव्हती. बाहीचा घेर मधूनच कमी करत नेला होता. असं काम माप घेऊन, निवांत बसून होतं. त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला. तंबोरा बाजेवर सापडला त्याला अकरा दिवस झाले होते. हे अकरा दिवसांचं काम नव्हतं. घरचं सगळं सांभाळून बाई हे करत असेल तर दीड महिना कुठे गेला नव्हता. त्यांनी गोपिकाबाईंकडे पाहिलं. त्या फलाटावरची 'पिण्याचे पाणी' ही पाटी मोठ्या लक्षानं वाचत होत्या.

"काम लय पक्कं हाय, विहीणबाई," जागेश्वर म्हणाले.

"आहे तसं हाय," गोपिकाबाई पाटीवरून नजर न काढता म्हणाल्या.

गाडी हलली. चंपतराव डब्याबरोबर चार पावलं चालत आले, तंबोरा आडवा ठेवा, आडवा ठेवा, असं सांगत. मग ते मागे राहिले, फलाट संपला, आणि ऊन डब्यात आलं. समोरच्या बाकावर तंबोरा चादर पांघरून निजला होता. वच्छलाबाई त्याच्या उशाशी बसल्या होत्या, एक हात भोपळ्यावर ठेवून. गाडीनं गचका दिला की तो हात आपोआप थोपटल्यासारखा हलायचा. अजनी स्टेशन मागे पडलं. जागेश्वर स्वेटरच्या बाहीकडे एकटक बघत होते.

"काय पाहून राहिले?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"टाके मोजून राहिलो."

वच्छलाबाईंनी करंडीतलं एक संत्रं काढलं, सोललं, फोडींवरच्या पांढऱ्या शिरा एकेक करून काढल्या आणि अर्धं त्यांच्या हातावर ठेवलं.

"मोजा," त्या म्हणाल्या. "मुंबई लांब हाय."